माठावर टांगलेली डबी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्यांची देठं खुडणं. वर्षभराच्या चटणीची मिरची होती. शेजारच्या स्लॅबवर दोन दिवस वाळवून आणली होती. जमिनीवर जुनी चादर अंथरून तिच्यावर ढीग ओतला आणि समोरासमोर बसलो. दुपारचे बारा वाजून गेले असतील. वर पत्रा, खाली मिरची. शिंकून शिंकून दोघांच्या नाकाला धार लागली होती. मी खुडून टाकलेल्या मिरच्या ती परत उचलून बघायची.

"डोळं हायत का बटणं? निम्मी देठं तशीच हायत की."

"मग खुड की तूच सगळी."

"खुडतेच हाय. जलमभर दुसरं काय केलं?"

असं चाललं होतं. मध्येच ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अवो, आज लई उकडतंय. डोकं गरगराय लागलंय."

मी नेहमीचं बोललो. "भट्टीवर येऊन बघ एकदा. मग कळंल उकडणं म्हंजे काय."

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होतो. लोखंडाचा रस ओतायचं काम. चौथी शिकलेल्या माणसाला ते बरं होतं. रिटायर होईपर्यंत तेच केलं. त्यामुळं घरातला उन्हाळा मला कधी उन्हाळा वाटलाच नाही, आणि तिनं तक्रार केली की हे एक वाक्य तोंडात तयार असायचं. लग्नानंतरची चार वर्षं ती त्यावर हसायची. मग चिडायची. नंतर नंतर काहीच म्हणेना. त्या दिवशीही काही म्हणाली नाही. हाताची आग होऊ नये म्हणून तेल चोळलं आणि कॉटवर आडवी झाली. "चार वाजता उठवा, चहा टाकते," म्हणाली.

मलाही डुलकी लागली. चारला हाक मारली तर ओ नाही. हात लावला तर अंग कोरडं ठणठणीत, आणि तव्यागत तापलेलं. घामाचा एक थेंब नाही. डोळे उघडले तिनं, पण मला ओळखलं नाही. रिक्षा केली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, उशीर झालाय. त्यांनी विचारलं, "आधी कधी असा त्रास होत होता का?" मी नाही म्हणालो. दिवेलागणीला ती गेली.

आता डबीचं सांगतो. डबी आमच्याकडं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आली.

गल्लीत दोघं जण आले होते. एक आपलीच पोरगी, शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याची. दुसरा आफ्रिकेतला, केनियाचा, आमच्या दारातनं वाकून आत यायचा एवढा उंच. तिसरी एक स्पेन देशातली होती, ती मोबाईलवर दिसायची. तिघंही पीएचडी करत होती. पोरीनं समजावून सांगितलं, "काका, शहरं तापायला लागल्यात. तिच्या गावात म्हातारी माणसं उन्हाळ्यात घरातल्या घरात मरायला लागल्यात. ह्याच्या गावात पण आणि आपल्यात पण. म्हणून आम्ही तीन देशांत एकसारख्या डब्या टांगतोय. पत्र्याखाली माणूस किती तापतंय ते कळलं पाहिजे. मग ज्याचं घर जास्त तापतं त्याच्या पत्र्याला आधी पांढरा रंग."

मी म्हणालो, "त्याला परदेशातनं कशाला याय पाहिजे? मला विचारा, मी सांगतो किती तापतंय."

पोरगी म्हणाली, "किती?"

"लई."

ती हसली आणि आफ्रिकेच्या पोराला सांगितलं, तोही हसला. म्हणाला, त्याच्या आईचं घरही पत्र्याचंच आहे, तिला विचारलं तर तीही एवढंच सांगते.

डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढी, पांढरी. आकडा बिकडा काही दिसायचा नाही. आतल्या आत तासातासाला लिहून ठेवायची म्हणे. महिन्यातनं एकदा येऊन ती पोरं तिच्यातलं सगळं लॅपटॉपात काढून घ्यायची. टांगायची कुठं ते पोरीनं नीट सांगितलं होतं. झोपता तिथं, डोक्याच्या उंचीला, चुलीपासनं आणि पाण्यापासनं लांब. मी कॉटच्या वर भिंतीला खिळा मारला. सोबत एक वहीही दिली. रोज एक ओळ. आज उन्हाचा त्रास झाला का, होय का नाही, तिथं खूण करायची.

आमच्या बायकोला कोण आनंद. सातवीपर्यंत शिकली होती, माझ्यापेक्षा जास्त. पेन कानामागं लावून फिरायची. पोरं यायच्या दिवशी पोरगीसाठी दिवस मावळायच्या आत जेवण तयार ठेवायची, कारण ती रात्रीचं खात नव्हती. आफ्रिकेच्या पोराला तांबडा रस्सा. तो घाम पुसत वाटी पुढं करायचा आणि म्हणायचा, "काकी, अजून." मोबाईलमधल्या पोरीला भाकरी दाखवायची आणि मला विचारायची, "हिची आय एकटीच असती व्हय तिकडं?"

तर पहिल्याच आठवड्यात तिनं दुपारी डबीला हात लावला आणि घाबरली. "अवो, ही तापलीया. जळून गेली तर? पोरांनी कुठनं कुठनं आणलीया. पावण्याची वस्तू हाय, आपल्या घरात बिघडली तर तोंड कसं दाखवायचं?"

"तापू दे की. त्यासाठीच टांगलीया."

"तुमच्या भट्टीतलं हाय व्हय ते? प्लास्टिक हाय."

तिनं घडवंचीवरच्या माठाच्या वर, भिंतीत, दुसरा खिळा मारायला लावला. मीच मारला. डबी तिथं गेली. वर ओलं फडकं. फडकं वाळलं की परत भिजवायची, स्वतः पाणी प्यायच्या आधी. पोरं यायच्या दिवशी डबी पुसून परत पहिल्या खिळ्याला. मी विचारलं, हे त्यांना सांगायला नको का? म्हणाली, "कशाला? राग येईल त्यांना. आपण जपतोय की."

आणि वहीत रोज 'नाही'. मी एकदा बघितलं. आदल्या दिवशी ती दुपारभर मोरीत बसून डोक्यावर पाणी घेत होती, आणि वहीत 'नाही'. मी म्हणालो, "खोटं कशाला लिवलंस?"

"घरचं रडगाणं पावण्यांपुढं गायचं असतंय व्हय? आणि तुमीच म्हणता की, ह्याला उकडणं म्हणत न्हाईत."

मी वही मिटून ठेवली.

बारावं झाल्यावर पोरांचा फोन आला, यायचं म्हणून. डबी माठावरच होती, फडकं वाळून कडक झालेलं. मी डबी काढली, पुसली आणि नेऊन पहिल्या खिळ्याला अडकवली. का केलं मला माहीत नाही. ते तिचं काम होतं आणि ती नव्हती, म्हणून मी केलं.

दुपारी दोघं आली. पोरगी दारातच रडायला लागली. आफ्रिकेचं पोरगं खुर्ची सोडून खाली जमिनीवर बसलं. मग त्यानं डबी काढून लॅपटॉपला लावली. पडद्यावर गल्लीतल्या घरांच्या रेघा होत्या. सगळ्या वर वर चढलेल्या, आणि एकच खाली, सपाट. ती आमची.

पोरगं बोलत होतं, पोरगी मराठीत सांगत होती. तीन देशांत मिळून पत्र्याचं असं थंड घर दुसरं नाही. शेवटचे बारा दिवस तेवढी रेघ चढलीय, काकी नाहीत, पोती कोण भिजवणार, म्हणून. तुम्ही पत्र्यावर ओली पोती टाकता, दाराला पडदा भिजवता, त्यानंच घर थंड राहतं म्हणून त्याचे फोटो काढून त्यानं आपल्या आईला पाठवले होते. तिनंही पोती टाकली. गल्लीतली इतर माणसंही टाकायला लागली. पीएचडीचं पुस्तक निघेल त्यात काकींचं घर वेगळं दाखवणार, पहिल्या पानावर काकींचे आभार मानणार.

मग पोरगी थांबली. मला म्हणाली, "काका, एक विचारू? डॉक्टर ऊन लागलं म्हणाले. पण त्या दिवशीसुद्धा घर थंड होतं. आणि काकींनी वर्षभर एकदाही त्रास झाला असं लिहिलेलं नाही. म्हणजे त्यांना आतनं दुसरा काहीतरी आजार असणार. उन्हानं गेलेल्यांच्यात त्यांना धरता येणार नाही."

मी मान हलवली. पाणी देऊ का, विचारलं. दोघं निघून गेली.

थोरली मुलगी वारणानगरला दिलेली आहे, ती तेव्हा घरातच होती. संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. खिळ्याचं, फडक्याचं, वहीचं. ती भाकऱ्या थापत होती. हात थांबले तिचे.

"आबा, तुमी आता जाऊन सांगणार हाय का हे?"

"सांगाय पाहिजे."

"कशासाठी? आई परत येणार हाय का? बाराव्याचं जेवण झालं न्हाय तवर तिला खोटी पाडणार?"

"ती खोटी न्हवती."

"मग वहीत काय लिवलंय? तुमी सांगितलं की तिचं पान फाडून टाकतील ती. येवढं एक पुस्तक निघतंय, तिला मान मिळतोय, तेवढा तरी राहू द्या. तुमी कधी दिला न्हाईसा."

हे ती जे बोलली ते खरं होतं.

"आणि त्या पोराची आई?" मी नंतर म्हणालो. "ती पोती टाकून निवांत झोपंल. पोत्यानं काय हुतंय? आपल्यात पण पोती हुतीच की."

तवा तापून धूर निघाला तेव्हा मुलीनं गॅस बंद केला. जेवलो कुणीच नाही.

सकाळी उठून आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. मुलगी म्हणाली, "चहा तरी घ्या." घेतला. ती आडवी आली नाही आणि सोबतही आली नाही. केएमटीच्या बसनं युनिव्हर्सिटीला गेलो. एवढी वर्षं कोल्हापुरात काढली पण त्या गेटातनं आत कधी गेलो नव्हतो. वॉचमनला विचारलं, उन्हाचं मोजणारी पोरं कुठं बसतात. त्यानं विचारलं, "कोण पावणं तुमी?" मी म्हणालो, "त्यांची डबी माझ्या घरात हाय."

दोघंही तिथं होती. पोरगीनं खुर्ची दिली. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून परत आलो असतो.

मी सांगितलं, डबी तुम्ही सांगितली तिथं नव्हती. माठावर होती, ओल्या फडक्याखाली, पहिल्या आठवड्यापासनं. खिळा मी मारला. तुमची वस्तू बिघडू नये म्हणून ती करत होती, तुम्हांला फसवायला नाही. तुमचं वर्षाचं काम वाया गेलं असेल तर मला बोला, तिला बोलू नका. आणि पोराला म्हणालो, तुझ्या आईला सांग, पोत्यावर भरवसा ठेवू नको.

पोरगीनं हे त्याला इंग्रजीत सांगितलं. माझ्या मानानं फार थोडक्यात झालं ते. पोरगं लॅपटॉपकडं बघत राहिलं, मग त्यानं तो मिटला.

मी म्हणालो, "अजून एक हाय, ते पण सांग त्याला. तिला त्रास व्हायचा. रोज व्हायचा. ती मला सांगायची, आणि मी म्हणायचो, भट्टीवर येऊन बघ. म्हणून तुमच्या वहीत तिनं रोज 'नाही' लिवलं."

पोरगीला ते लगेच सांगता येईना. तिनं तोंडावर हात धरला. पोरगं तिच्याकडं बघत होतं, माझ्याकडं बघत होतं. मग त्यानं कोरा कागद ओढला, पेन घेतलं आणि तिला काहीतरी म्हणाला.

"काका," ती म्हणाली, "तो म्हणतोय, परत एकदा सांगा. सावकाश. त्याला लिहून घ्यायचंय."

मी परत सांगितलं.