जाळीच्या दारामागची तोंडी परीक्षा

मुंबईची गाडी नाक्यावर संध्याकाळी पाचला यायची. त्या दिवशी ती पावणेसहापर्यंत आलीच नाही. त्या पाऊण तासात आईने माझ्या पिशवीची गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली. बाबा गावातले विहिरींचे पंप दुरुस्त करायचे, त्या दिवशीही कामावरूनच आलेले, हाताला ग्रीस. ते सुमनआत्याशी बोलत उभे होते. आत्या मे महिन्यात लग्नाला गावी आली होती आणि परत जाताना मला बरोबर नेत होती. तिच्या कडेवर अडीच वर्षांची ओवी झोपली होती. गाडी आली तेव्हा आत्याला सामान चढवायचं होतं, म्हणून तिने ओवीला माझ्याकडे दिलं. ती मुंबईपर्यंत माझ्याच मांडीवर राहिली.

"आतेक उलट बोलू नको," एवढंच आई शेवटी म्हणाली.

दहावीला मला चौऱ्याऐंशी टक्के होते. आमच्याकडून कॉलेज दीड तासावर होतं आणि संध्याकाळच्या शेवटच्या एसटीचा भरवसा नव्हता. आत्या मुलुंडला, इमारतीला लिफ्ट, कॉलेज चालत दहा मिनिटांवर. वाडीत सगळे म्हणत होते, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटत होतं. वाडीकरांनो, तुमच्यापैकी ज्यांनी त्या दिवशी नाक्यावर हात हलवला, त्यांनी पुढची पाच वर्षं मला दर सुट्टीत एकच प्रश्न विचारला: मुंबई कशी आहे? मी दर वेळी झकास म्हणाले. खरं उत्तर आज लिहितेय.

मुंबई म्हणजे मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची. माझं कॉलेज सकाळी सात ते पावणेबारा. आत्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला होती, तिची ड्युटी साडेबारा ते सहा. काका सकाळी आठला जायचे ते रात्रीच यायचे. मी धावत घरी पोचायचे, आत्या चपला घालूनच तयार असायची. ओवी माझ्याकडे, डबा तिच्याकडे. मग ती बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर ओढून त्याला कुलूप लावायची आणि चावी पर्समध्ये टाकायची.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "आत्या, कुलूप कशाला?"

"ओवी आधीच्या बाईच्या वेळी एकटीच लिफ्टमध्ये गेली होती. सातव्या मजल्यावर सापडली, रडून काळीनिळी. आणि तू मोठी मुलगी. इथे वरखाली कोण येतं जातं, काही सांगता येत नाही. माझा जीव थाऱ्यावर राहील."

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मला त्या कुलपाचा पहिले काही दिवस आधारच वाटला. नवीन शहर, अनोळखी इमारत. पण ऑगस्ट उजाडेपर्यंत माझ्या लक्षात आलं की कॉलेज आणि ते घर सोडून मी मुंबईत काहीही पाहिलेलं नाही. वर्गातल्या मुली जुहूला जाऊन आल्या, फोटो दाखवले. मी म्हटलं, मला समुद्राचं कौतुक नाही, आमच्याकडे घरामागेच आहे. त्या हसल्या, विषय संपला. दुपारी ओवी झोपली की मी जाळीला कपाळ टेकवून जिन्याकडे बघत बसायचे. समोरच्या घराला कायम टाळं. दिवसातून दोनदा लिफ्टचा आवाज व्हायचा आणि मी उगाच उभी राहायचे.

अकरावीला मला सगळ्यात आवडायचा तो राज्यशास्त्राचा तास. राऊत मॅडम शिकवायच्या. बुटक्या, घसा कायम बसलेला, पण वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी इतकी शांतता. त्या पुस्तक वाचून दाखवत नसत. "राज्य म्हणजे काय ते पाठ नका करू, सकाळपासून तुम्हाला राज्य कुठे कुठे भेटलं ते सांगा," असं म्हणायच्या. वार्षिक परीक्षेच्या आधी वीस मार्कांची तोंडी होती. प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची, त्या विषयावर पाच मिनिटं बोलायचं, मग मॅडम दोन प्रश्न विचारणार. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'नकारात्मक आणि सकारात्मक स्वातंत्र्य'. शेजारी बसणाऱ्या प्रणालीला 'प्रतिनिधित्व' आलं.

सगळ्यांचे ग्रुप पडले. दुपारी लायब्ररीत बसून एकमेकांची तयारी करून घ्यायची असं ठरलं. मी नाही म्हणाले. प्रणाली माझ्यामागे लागली, कारण काय, कारण काय. मी सांगितलं नाही तेव्हा एका दुपारी ती सरळ घरी आली. बेल वाजली, मी लाकडी दार उघडलं, मध्ये जाळी. तिने कुलूप पाहिलं, मला पाहिलं.

"हे काय यार?"

"चावी आत्याकडे असते. तू जा ना."

ती गेली नाही. तिने पायरीवर बॅग ठेवली आणि जाळीला पाठ लावून बसली. "चल, वाच," म्हणाली. त्यानंतर आठवड्यातून तीनचार दुपारी आम्ही असाच अभ्यास करायचो. ती जिन्यात, मी आत, मांडीवर ओवी. वही जाळीतून जात नसे, म्हणून एकेक पान सुरळी करून द्यावं लागे. एकीने बोलायचं, दुसरीने घड्याळ लावायचं. मी घडाघडा म्हणायचे: नकारात्मक स्वातंत्र्य म्हणजे बंधनांचा अभाव. सकारात्मक स्वातंत्र्य म्हणजे स्वतःचा विकास साधण्यासाठी लागणारी संधी आणि परिस्थिती. उदाहरणार्थ, वृत्तपत्रांवर बंधन नसणे.

"वृत्तपत्र कशाला?" प्रणाली एकदा म्हणाली. "आत्ता बसलीयस ना तू, तेच उदाहरण दे. फुल मार्क."

मला इतका राग आला की मी लाकडी दार लावून घेतलं. तिला काय माहीत होतं? आत्या सकाळी पाचला उठून माझाही डबा करायची. दिवाळीत स्वतःला साडी न घेता मला ड्रेस घेतला होता. राग प्रणालीचा नव्हता, हे मला नंतर कळलं. मला लाज वाटली होती. ज्याकडे मी शहाणपणाने बघायचं टाळत होते, ते तिने बोट ठेवून दाखवलं. तीन दिवसांनी ती पुन्हा आली, दोघींनीही तो विषय काढला नाही.

मार्चमध्ये आमचं कॉलेज बारावीच्या बोर्डाचं केंद्र झालं. अकरावीचे वर्ग बंद, आणि आमची तोंडी दुपारी तीनला. मी पंधरा दिवस आधी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "बघते." आठ दिवस आधी पुन्हा सांगितलं. "विचारते मॅनेजरला." त्या दिवशी सकाळपासून मी युनिफॉर्म घालून बसले होते. बारा वाजता आत्या केस विंचरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज नाही जमत गं. दोघी रजेवर आहेत. तू मॅडमना कळव, ताप आलाय म्हणून. नंतर घेतील ना?"

उलट बोलायचं नाही हे मला पाठ होतं. कुलूप लागलं. पावलं लिफ्टपर्यंत गेली. मी प्रणालीला मेसेज केला, ताप आहे. मग ओवीला वरणभात भरवला. युनिफॉर्म बदलला नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. एकेका मुलीचा नंबर कधी लागेल ते मी मनात मोजत होते.

पाचला बेल वाजली. जाळीपलीकडे प्रणाली, आणि तिच्यामागे धापा टाकत राऊत मॅडम. लिफ्ट बंद होती.

"ताप कुठाय?" मॅडमनी विचारलं.

मी प्रणालीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. "मी सांगितलं मॅडमना. सॉरी."

मॅडमनी कुलूप हातात धरलं, उलटं करून पाहिलं, सोडलं. "आणि आग लागली तर?"

"तसं कधी झालं नाही, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले. मग पर्समधून मार्कांची यादी काढली, पदर खोचला आणि पायरीवर बसल्या. "बोल. पाच मिनिटं. प्रणाली, घड्याळ लाव."

मी उभी राहिले. ओवी माझा पाय धरून. पहिलं वाक्य तीनदा अडखळलं, मग सुरळीत झालं. पाच मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, "व्याख्या बरोबर आहेत. उदाहरण?"

"वृत्तपत्रांवर बंधन नसणे."

"दुसरं."

मी जाळीतून कुलपाकडे बघितलं. मॅडम घाई करत नव्हत्या. शेवटी मी म्हणाले, "मॅडम, हे कुलूप काढलं तर नकारात्मक स्वातंत्र्य मिळेल. पण मी तरी जाणार नाही. ओवीला कुठे ठेवू? म्हणजे दार उघडं असूनही मी आतच असेन. दुसरं स्वातंत्र्य नसलं की पहिल्याचा उपयोग होत नाही."

हे मी कुठे वाचलं नव्हतं. मॅडमनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. यादीत काहीतरी लिहिलं, प्रणालीला घरी पाठवलं आणि स्वतः तिथेच बसून राहिल्या.

पावणेसातला आत्या आली. जिन्यात अनोळखी बाई, आत मी युनिफॉर्ममध्ये. तिचा चेहरा उतरला. मॅडमनी आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाल्या, "पोरीला कोंडून ठेवता तुम्ही. हे कुलूप उद्यापासून दिसता कामा नये. मी रोज विचारणार आहे तिला."

"आणि माझी मुलगी? पाळणाघर सातपर्यंत ठेवत नाही, बाई टिकत नाही," आत्याचा आवाज चढला. "तुम्ही ठेवता का? सांगा ना, ठेवता का?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्या जिना उतरून गेल्या. आत्या घरात आली, तशीच स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर लावला. बराच वेळ चालू होता. मी पाणी प्यायला गेले तेव्हा पाहिलं, भांड्यात काहीच नव्हतं. ती ओट्याला धरून रडत होती.

कुलूप दुसऱ्या दिवसापासून लागलं नाही. आत्या माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलली. बाबांचा फोन आला: "तुज्यामुळे सुमनची मान खाली गेली." मला वीसपैकी अठरा मिळाले. आणि मी जे बोलले होते तेच खरं झालं. दार उघडं होतं आणि मी आत होते. पहिल्या दुपारी ओवीला घेऊन खाली गेटपर्यंत गेले, वॉचमनने सहज विचारलं, "किधर?" तर उत्तर सुचेना. परत वर आले. बारावीचं सगळं वर्ष तसंच गेलं. फरक इतकाच की प्रणाली आता आत येऊन बसायची. आमचं ऐकून ओवी 'सुशासन' म्हणायला शिकली होती, पण तिला ते खाऊचं नाव वाटायचं.

बारावीनंतर घाटकोपरला हॉस्टेल मिळालं. निघताना आत्याने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी वाईट नव्हते गं." मी तिच्या पाया पडले. नव्हतीच ती वाईट. पण त्या खोल्यांत मी दोन वर्षं श्वास मोजून घेतला, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते मला अजून जमलेलं नाही.

आता मी मानखुर्दला भाड्याच्या खोलीत राहते, एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात आई पहिल्यांदाच आठ दिवस राहायला आली. दुपारी भाजी निवडताना मी तिला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. तिने मान वर केली नाही.

"माका म्हायत होता," ती म्हणाली.

"काय?"

"कुलपाचा. सुमनने पयल्याच म्हयन्यात फोनार सांगल्यान." शेंगेची शीर ओढत ती थांबली. "तू मुंबयत, माका हय झोप नाय. दाराक कुलूप आसा म्हटला की माका झोप लागे."

मी उठून गॅलरीत गेले. आत्यावर रागावणं सोपं होतं, बाबांवर त्याहून सोपं. आईवर कसं रागवायचं ते मी शिकलेच नव्हते. तिने भाकऱ्या केल्या, मी जेवले.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई म्हणाली, मासे घेऊन येते, आणि एकटीच खाली उतरली. मी म्हटलं मी येते, तर नको म्हणाली. बाजार पाच मिनिटांवर. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. फोन तिने घरीच ठेवलेला. इथल्या सगळ्या इमारती एकसारख्या, तिला नंबर लक्षात राहत नाही. रस्त्यावर डंपर. मी खिडकीशी, मग दाराशी, मग पुन्हा खिडकीशी. मनात स्पष्ट विचार आला, उद्यापासून तिला एकटीला सोडायचंच नाही. आणि तो विचार ऐकून मीच दचकले.

सव्वा तासाने ती आली. घामाघूम, हातात पिशवी. दुसऱ्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून गेली होती, तिथल्या बाईने पाणी दिलं, गप्पा झाल्या. ती बाई देवगडची निघाली. आई हसत होती. मी तिला गावीही कित्येक वर्षांत इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

"उद्या परत जातंय हां तिच्याकडे," ती म्हणाली.

माझ्या तोंडावर आलं होतं, मी शाळेतून येईपर्यंत थांब. ते मी गिळलं. एका कागदावर इमारतीचा नंबर आणि माझा मोबाइल नंबर लिहून तो घराच्या दुसऱ्या चावीसकट तिच्या पिशवीत टाकला.

तुम्ही गावाकडचे विचारता, आता घर कुठलं म्हणायचं, गाव की मुंबई? सोमवारी मी वर्गात शिकवत होते आणि दर तासानंतर मोबाइल बघत होते. आई बाहेर होती, तिला हवं तिथे. ती परत येणार होती आणि आत मी नव्हते तरी तिला आत जाता येणार होतं. सध्या मी त्याला घर म्हणते.