अर्ध्यावर सोडलेला हलवा

मला पुरणाची शिसारी आहे. जिच्या पुरणाचं नाव घाटनांदूरच्या बाजारापर्यंत गेलं, त्या बाईनं असं म्हणावं हे कुणाला खरं वाटत नाही. लोक म्हणतात, चेष्टा करता काय. चेष्टा नाही. हरभऱ्याची डाळ उकळायला लागली की वर तो पिवळट, मळकट फेस येतो ना, तो पाहिला की आजही मी तोंड फिरवते. वेलदोड्याचा आणि गुळाचा तो चिकट वास केसांत बसतो, लुगड्यात बसतो. न्हाऊन आलं तरी कानामागे सापडतो. आणि तुपानं ओशट झालेले हात! राखेनं घासले तरी दोन दिवस माझे हात मला परक्याचे वाटायचे.

ह्यांच्याकडे गावची पटवारकी होती. निजामाच्या राज्यात पटवाऱ्याच्या घराला दार असून नसल्यासारखं. आज गिरदावर आला, उद्या पेशकार आला, परवा खुद्द तहसीलदारसाहेब दौऱ्यावर. मुक्काम चावडीत आणि चूल माझी. पेशकार एकदा माझ्या हातची पुरणपोळी खाऊन तृप्त होऊन गेला आणि पुढच्या गावी जाऊन बोलला. तिथून माझ्या नावाला ते पुरण जे चिकटलं ते चिकटलंच. लग्नात, बारशाला, श्राद्धाला, सगळीकडे मला बोलावणं यायचं, ते माणूस म्हणून नव्हे. पाट्यावर बसायला हात हवे असायचे.

माझ्या आईनं मला सासरी पाठवताना सांगितलं होतं, "बाईच्या हाताला चव असली की तिला कुणी घालवून देत न्हाई." त्या वेळी मला ते आशीर्वादासारखं वाटलं. आता वाटतं, घालवून देतील ही भीती तिनं माझ्या शिदोरीत बांधून दिली.

पुरणाचं कौतुक झालं तरी माझा जीव दुसरीकडे होता. माहेरी माझी एक विधवा आत्या होती. तिनं मला संक्रांतीचा काटेरी हलवा करायला शिकवलं. ज्यांनी केला नाही त्यांना वाटतं, साखरेचे दाणे, त्यात काय एवढं. शेगडीत निखारे मंद ठेवायचे, वर पितळी परात, परातीत खसखस नाहीतर तीळ. एकतारी पाक दुधानं स्वच्छ करून घ्यायचा. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. हात थांबवायचा नाही. बोलायचंसुद्धा फार नाही. एका घाण्याला दोन-तीन सकाळी जातात आणि एखाद्या क्षणी त्या गुळगुळीत दाण्याला बारीक पांढरे काटे फुटायला लागतात. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मला रडू आलं होतं. आपल्या हातून असं काही होऊ शकतं हे मला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

काटा फुटत असताना दोन गोष्टी चालत नाहीत. एक म्हणजे मधेच उठणं. दुसरी म्हणजे वाफ. जवळपास डाळ, भात काही शिजत असेल तर काटा मोडतो, दाणा चिकट होतो, मग तो काही केल्या सुधारत नाही. म्हणजे ज्या घरात रोज चूल पेटते त्या घरात हा हलवा होऊच नये, अशीच त्याची घडण.

सासरी मी दर साल मूठभर तरी करायची. घरातली माणसं तो बकाणे भरून खायची. गाढवाला गुळाची चव काय! ज्या काट्यासाठी माझ्या बोटांची टोकं भाजून टणक झाली होती, तो काटा कडाकडा दाढेखाली जायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "हलव्यानं कुणाचं पोट भरत न्हाई." त्या गेल्या तरी ते वाक्य घरात राहिलं.

थोरली लेक बारा वर्षांची झाली तेव्हा तिचं लग्न धर्मापुरीला झालं. ती अजून आमच्याकडेच होती, संक्रांतीला पहिल्यांदा सासरी जायची होती. नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालायचे, ही रीत. दागिने करायचे सासरच्यांनी. पण मार्गशीर्षात विहीणबाईंचा निरोप आला, "आमच्याकडं हाताला काटा येणारं कुणी न्हाई. तुमच्या हलव्याचं ऐकलंय. दागिने तुमीच करा, आमी मिरवतो."

मी तो निरोप आणणाऱ्याला दोनदा बोलायला लावला. उभ्या आयुष्यात मला कुणी पुरण सोडून दुसरं काही मागितलं नव्हतं. मी ठरवलं, असे दागिने करायचे की धर्मापुरीच्या बायकांनी देवळाला जाताना वाट वाकडी करून बघायला यावं. बांगड्या, बाजूबंद, कमरपट्टा, बिंदी हे तर सगळेच करतात. मला चंद्रहार करायचा होता आणि त्याच्या मधोमध एक मोर. तिळाच्या हलव्याचं अंग, खसखशीच्या हलव्याची मान, आणि पिसाऱ्याला भोपळ्याच्या बियांवर चढवलेला टपोरा हलवा. हा मोर माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं बसून होता.

लेक माझ्याशेजारी बसायला लागली. चुली पेटायच्या आधी, पहाटेच्या कोरड्या थंडीत, माजघराचं दार लोटून आम्ही दोघी दोन शेगड्यांपुढे बसायचो. पोरगी अवखळ, एरवी एका जागी ठरायची नाही, पण परातीपुढे दोन-दोन घटका हलायची नाही. आठ दिवसांत तिच्या दाण्याला काटा आला. माझ्यापेक्षा लांब, माझ्यापेक्षा नाजूक. मी तो दाणा तळहातावर घेऊन बघत राहिले. मला फार आनंद झाला आणि आत कुठंतरी थोडं झोंबलंही. दोन्ही झालं, खोटं कशाला सांगू? मग मी मोराचा पिसारा तिच्याकडे सोपवला.

संक्रांतीला तीन दिवस उरले. बाकीचे दागिने दोऱ्यात ओवून सुपात ठेवले होते. मोराचं अंग झालं होतं, मान झाली होती. पिसाऱ्याचा शेवटचा घाणा लेकीच्या परातीत होता, आणि नेमका त्या सकाळी काटा फुटायला लागला होता.

तेवढ्यात ओसरीवर चपराशी आला. तहसीलदारसाहेब अंबाजोगाईकडे जाता जाता दुपारी चावडीत थांबणार होते, बरोबर दहा-बारा माणसं. हे बाहेर गेले. चपराशाचं बोलणं मला आतून स्पष्ट ऐकू येत होतं. तो म्हणाला, "साहेबांनी बोललंय, तकलीफ करू नका. डाळ-भाकर असंल तर लई झालं. पोटात जरा गडबड हाय त्यांच्या."

हे आत आले. माझ्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. म्हणाले, "डाळ-भाकर टाक. कावून उगंच खटाटोप? न्हाईतर तुला वाटंल तसं कर."

माणूस नवरा म्हणून कसाही असो, त्या दिवशी त्यांनी मला मोकळं सोडलं होतं. साहेबांनी मोकळं सोडलं होतं. डाळ आणि भाकरी मी एकटीनं, पोरीला न उठवता, अंगणातल्या चुलीवर करून दिली असती. वाफ आत आली नसती. एवढं सगळं मला तिथे बसल्या जागी दिसत होतं.

आणि तरीही माझ्या मनात आलं, पटवाऱ्याच्या घरी डाळ-भाकर? लोक काय म्हणतील? तिच्या हातचं पुरण एवढं गाजलेलं, आणि साहेब आले तर डाळ-भाकर वाढली? ज्या पुरणाची मला शिसारी, तीच माझी किंमत, आणि ती कमी झालेली मला सोसेना.

मी माझी परात बाजूला सारली. लेकीला म्हटलं, "ऊठ. डाळ निवडायची हाय. मग पुरण वाटायला बसायचंय, माझ्या एकटीनं दहा-बारा माणसांचं होणार न्हाई."

ती उठली नाही. तिची बोटं परातीत फिरतच होती. म्हणाली, "आई, काटा आत्ता यायलाय. उठलं तर मोडंल. एवढा घाणा होऊ दे."

मी म्हणाले, "मोडू दे. हलव्यानं कुणाचं पोट भरत न्हाई."

ते वाक्य माझ्याच तोंडून आलं. सासूबाईंचं, त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखीच मान उडवून. लेकीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं बोटं पदराला पुसली आणि उठली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं मी केलं तसंच झालं. अंगणातल्या चुलीवर आमटीचं पातेलं, आतल्या चुलीवर डाळीचं. घाईत माजघराचं दार उघडंच राहिलं. घर वाफेनं भरलं. लेक पाट्यावर वाकून पुरण वाटत होती, गरम डाळीचा घास हाताला चिकटत होता, ती हात झटकत होती आणि मी तिला म्हणत होते, गाठी ठेवू नको. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून पाट्यावर पडेल म्हणून मी तिचं तोंड पदरानं पुसलं. तिचं तोंड पुसलं ते पुरणासाठी.

ताटं चावडीत गेली. उष्टी पानं परत आली. साहेबांनी पोटाच्या कारणानं अर्धीच पोळी खाल्ली होती, बाकीच्यांनी हाणली होती. डाळीचं पाणी काढून केलेल्या येळवण्याच्या आमटीत भिजलेले पोळ्यांचे तुकडे, त्यावर माश्या, थिजलेलं तूप. ती पानं उचलताना मला ओकारी आली. पण मागोमाग चपराशी आला आणि ओसरीवरून ओरडला, "साहेब बोलले, असं पुरण हैदराबादेत पण मिळत न्हाई म्हणं."

मी हसले. उष्ट्या पानांचा ढीग हातात धरून, पदराआड, मनापासून हसले. लेक भिंतीला टेकून बसली होती, तिनं ते हसू पाहिलं. मला आयुष्यात स्वतःचं जे जे म्हणून आवडत नाही, त्यात ते हसू सगळ्यात वर आहे.

माजघरात गेले तेव्हा परातीत काट्यांच्या जागी एक चिकट गोळा होता. सुपातल्या दागिन्यांनाही वाफ लागली होती. मोराच्या मानेला हात लावला तर ती बोटाला चिकटून आली. कडेनं मुंग्यांची रांग लागलेली. दोष कुणाला द्यायचा? आपलेच दात आणि आपलेच ओठ. दागिने धर्मापुरीला पोचवायचा वेळ धरला तर तीन दिवसांत नवा घाणा होणं शक्य नव्हतं. तरी लेकीला म्हटलं, आपण दोघी बसून बघू या. ती म्हणाली, "राहू दे, आई. मी तिळाचं कूट करते." त्यानंतर ती परातीपुढे कधी बसली नाही.

उरलेले बरे दागिने पुसून-वाळवून धर्मापुरीला पाठवले. मोराशिवाय. आणि लाज झाकावी म्हणून बरोबर काय पाठवलं? दोन विती रुंद दुरडी भरून पुरणपोळ्या. संक्रांतीला तिळाच्या पोळ्या करतात, मी पुरणाच्या पाठवल्या. विहीणबाईंचा उलटा निरोप आला. दागिने जरा ओलसर होते, चंद्रकळेला डाग पडले, पण चालायचंच. पोळ्या मात्र अख्ख्या गल्लीत वाटल्या. सुनेलाही येतात का अशा?

सुनेला येत होत्या. मीच शिकवल्या होत्या.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मागल्या शिमग्याला मी धर्मापुरीला गेले होते. लेकीचं घर भरलेलं, तिच्या पुरणाचं नाव आता माझ्यापेक्षा मोठं. परळीहून माणसं मुद्दाम जेवायला येतात म्हणे. तिनं मला पहिलं पान वाढलं आणि समोर उभी राहिली, एका हातात तुपाची वाटी, दुसरा हात कमरेवर. मी तिच्या बोटांकडे पाहिलं. तुपानं मऊ, गुबगुबीत बोटं. टोकांवर एकही भाजल्याची खूण नाही.

"कसं झालंय पुरण, आई?" तिनं विचारलं. इतक्या घाईनं विचारलं की मला तिचा श्वास ऐकू आला.

घास माझ्या तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता. सांगायचं खूप होतं. ते बोललं तर तिच्यापाशी दुसरं काय उरणार होतं? मी घास गिळला आणि म्हणाले, "तुझ्या हाताला चव हाय."

तिनं तोंडाला पदर लावला, आणि त्याआड ती हसली. मी आणखी एक पोळी मागून घेतली.