जिची सुरी धारदार, ती बाई

वसुधाबाईंना मी प्रथम पाहिलं ते पनवेलला आठवीत आले तेव्हा. माझं घर समुद्रकाठच्या करंजा गावातलं, बापाची मासेमारीची होडी. शिक्षणासाठी मला इथे आत्याकडे ठेवलं होतं. आत्या बाजारात मासळी विकायची. इंग्रजीच्या पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, वर्गात सुनीता किती? तीन हात वर आले. मग हाक मारायची कशी, असं विचारल्यावर कोणी म्हणालं, जिचं घर तळ्याकाठी ती सुनीता, जी तबला वाजवते ती सुनीता. बाई म्हणाल्या, झालं, विशेषण उपवाक्य तुम्हाला येतंच, आता फक्त हू आणि हूज शिकायचं. व्याख्या त्यांनी महिन्याभराने सांगितली, तोवर आम्ही सगळा मोहल्ला, कर्नाळ्याचे पक्षी आणि हेडसरांची छत्री इंग्रजीत ओळखून मोकळे झालो होतो.

आज बाई पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या गौरव अंकात त्यांच्या व्याकरण शिकवण्यावर कित्येक जण कौतुकाने लिहितील. मला मात्र त्या चुकल्या होत्या, ते लिहायचं आहे.

नववीच्या सहामाहीत हूज वापरून स्वतःचं वाक्य लिहा, असा प्रश्न होता. मी आणि शेजारच्या बाकावरची फरजाना, दोघींनी एकच वाक्य लिहिलं: द वुमन हूज नाइफ इज शार्प डज नॉट शाउट, म्हणजे जिची सुरी धारदार, ती बाई ओरडत नाही. फरजाना वर्गात पहिली यायची, मी बेताची. बाईंनी सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि बघून लिहिणारी मुलगी म्हणाल्या. फरजानाने सांगून पाहिलं, पण मैत्रीण पाठीशी घालते असंच त्यांना वाटलं. दुपारपर्यंत नववीच्या तिन्ही तुकड्यांत माझं तेच नाव झालं. मी आत्याला सांगितलं, उद्यापासून शाळा नको, करंजाला जाऊन सुकट वाळत घालीन. मला ते खरंच करायचं होतं.

शनिवारी बाई तक्रार घेऊन थेट मासळी बाजारात आल्या. घर कट्टर शाकाहारी, नाकाला पदर, तरी आल्या. मी मासळीच्या पाटीमागे तोंड लपवून बसले होते. बाईंनी ते वाक्य आत्याला मराठीत सांगितलं. आत्या हातातलं पापलेट खाली ठेवून हसायला लागली.

"ह्ये माजंच हाय. बाकीच्या वरडतात, मी नाय वरडत, माजी सुरी बगून लोक येतात. ह्या दोगी रोज शाळा सुटली का हितंच बसून लिवतात. दोगींनी मिळून केलंन ते."

 बाई निघताना माझ्याकडे बघून, सोमवारी ये, एवढंच म्हणाल्या.

मी गेले ती आत्याने ढकललं म्हणून. बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "हिने बघून लिहिलेलं नाही. बघून कोण लिहिणार, हे मी पेपर न वाचताच ठरवलं होतं. चूक माझी आहे." एवढ्यावर भागलं असतं. पण माझं नाव पसरलं होतं तीन तुकड्यांत, म्हणून बाई उरलेल्या दोन वर्गांतही मला बरोबर घेऊन गेल्या आणि तेच शब्द पुन्हा बोलल्या.  तिसऱ्या वर्गात मला रडू आलं आणि अभिमानही वाटला, माझा नव्हे, बाईंचा.

आज मी उलव्यात इंग्रजी शिकवते. बांधकामावरच्या मजुरांची मुलं माझ्या वर्गात आहेत. दोन पेपर सारखे निघाले की मी आधी विचारते, अभ्यासाला कुठे बसता रे? हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

पंचाहत्तरीच्या गौरव समितीने बाईंसाठी प्रत्येकाकडून एक विशेषण मागितलं आहे. मला एका शब्दात जमत नाही, म्हणून त्यांनीच शिकवलेलं उपवाक्य देते: ज्या चुकल्या आणि तीन वर्गांसमोर तसं म्हणाल्या, त्या आमच्या बाई. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरी त्यांनी आमच्या चुका काढत गाठावी. आत्या आता थकली, पण बाजारात बसते. तिचाही निरोप आहे: "बाईंना सांग, सुरी अजून धारेची हाय. मासळी नको तर नको, बसायला तरी या."