सिंपल स्थळ

अवसरी बुद्रुकची कुशाबाई म्हणजे महासंशयी बाई. दूधवाल्यावर विश्वास नाही, जीपवाल्यावर नाही, हसून बोलणाऱ्यावर तर मुळीच नाही. म्हणूनच भावकीत कुणाच्या पोरीला स्थळ आलं, की मुलाची चौकशी करायला तिलाच धाडत. न कळवता गावात शिरायचं, मुलाचं घर टाळायचं आणि आधी गिरणी, मग डेअरी, मग सलून गाठायचं, ही तिची ठरलेली रीत.

या खेपेला स्थळ मोहिनीला आलेलं. मोहिनी तिच्या भावाची पोर; आई गेल्यापासून कुशाबाईनंच वाढवलेली. आत्या हो म्हणाली तर रविवारी सुपारी फुटणार होती. कुशाबाईला दोन दिवस घास गोड लागला नव्हता.

नारायणगावला जीप बदलून ती मुलाच्या गावी उतरली. गिरणीवाला म्हणाला, "ऋषी ना? लई सिंपल पोरगा." डेअरीवरही तेच. सलूनवाला तर वस्तरा थांबवून म्हणाला, "एकदम सिंपल, मावशी!"

अगं बाई! अख्खं गाव एकच शब्द कसं बोलतं? नक्की पढवून ठेवलंय मेल्यांना. आणि साधा म्हणायला काय जीभ झडते? साधा म्हटलं की कमीपणा, सिंपल म्हटलं की कौतुक. सिंपल साडी, सिंपल लग्न, नि आता सिंपल नवरा!

तिनं पानटपरीवर दारूचं विचारलं. "शिवत न्हाई." जुगार? "छ्या! कुनी काय बी सांगा, तो नाय म्हनत न्हाई. माझा पान्याचा ड्रमसुदिक भरून देतो."

मग मात्र तिनं रीत मोडली आणि थेट घरच गाठलं. आईनं सांगितलं तसा ऋषीनं चहा आणला, बस म्हणाली तसा बसला. आई आत जाताच कुशाबाईनं विचारलं, "मोहिनी आवडली का?"

"आईला आवडली ना."

"आन् उद्या आईला नको झाली तर?"

ऋषी गोड हसला. "मग आई म्हणेल तसं."

त्या हसण्यात कणभर खोट नव्हती. कुशाबाईनं कपबशी खाली ठेवली आणि ती उठली.

रस्त्यावर येताच तिनं भावाला फोन लावला. "दादा, सुपारी फोडू नको."

"का गं कुशे? वाईट हाय का पोरगा?"

"न्हाई रे, लई चांगला हाय. उद्या सासूनं मोहिनीला घरातनं हाकलली, तर तिची बॅग उचलून ह्योच जीपपतुर सोडायला यील. हसत हसत."