भिंतीतले गोचीड

"तिच्यावरही मारा थोडं. तिच्याच अंगावरून आलेत."

वाडीचे सेक्रेटरी हे बोलले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. फवारणीवाल्याने पाठीवरच्या पंपाची नळी गाईवरून उचलली आणि माझ्या आईकडे वळवली. त्याला ती गंमत वाटली असावी. दुधासारखं पांढरं औषध तिच्या खांद्यावर पडलं, मग केसांवर, मग गळ्यावर. उग्र वास सुटला. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "पाठीमागून पण मारा!" दोघं-तिघं हसले.

आई हलली नाही. तिचा हात गाईच्या डोळ्यांवर होता. औषध गाईच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिने तो आधीच ठेवला होता आणि स्वतःवर औषध पडत असतानाही काढला नाही. स्वतःचे डोळे तिने फक्त मिटून घेतले.

मी रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभी होते. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि दोन पुस्तकं. दादरच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. त्या दिवशी आईचा विसरलेला चष्मा द्यायला कामावर जायच्या आधी ठाकूरद्वारला आले होते. मधला रस्ता दहा पावलांचा होता. मी तो ओलांडला नाही. चष्मा पिशवीत तसाच ठेवून बस पकडली.

हे आधी लिहिते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझी बाजू बरी दिसण्याचा धोका आहे.

आम्ही लालबागचे. मूळ कोकणातले. वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर ते घरात बसून राहिले आणि थोड्या वर्षांनी गेले. आईने गाय घेतली. तांबू नाव ठेवलं. देवळाच्या बाहेर गाय घेऊन बसायचं, शेजारी गवताच्या पेंढ्या आणि भुशाचे लाडू. येणारे-जाणारे पेंढी विकत घेतात, गाईला भरवतात, पाठीला हात लावून कपाळाला लावतात आणि ऑफिसला जातात. दुसरं काम बाराव्याचं. कुणी गेलं की गिरगावातले भटजी आईला निरोप पाठवत. आई गाय घेऊन जायची. घरचा मुलगा ओल्या हाताने शेपूट धरायचा, भटजी मंत्र म्हणायचे, गाय दान व्हायची. दक्षिणा भटजींची, आईला तिचे ठरलेले पैसे, आणि दान झालेली गाय संध्याकाळी पुन्हा आईबरोबर परत. तांबू किती घरांतून दान झाली असेल, कुणास ठाऊक. सेक्रेटरींच्या आईच्या बाराव्यालाही तिचीच शेपूट धरली होती.

गाय ठेवायला जागा सेक्रेटरींच्या वडिलांनी दिली होती. वाडीच्या मागे त्यांच्या घराच्या भिंतीला टेकून पत्र्याची पडवी होती. भाडं नव्हतं. त्याच्या बदल्यात वाडीतल्या प्रत्येक कार्याला गाय फुकट, रोजचं गोमूत्र फुकट. जुनी भली माणसं, असं आई म्हणायची. माझ्या ग्रंथालयात मात्र मी सांगितलं होतं की आईचं पूजेच्या साहित्याचं काम आहे.

गाईंच्या अंगावर गाठी येण्याची साथ आली तेव्हा सरकारने नियम कडक केले. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला. माश्या आणि गोचीड यांतून रोग पसरतो, म्हणून ठरावीक दिवसांनी फवारणी. तपासणीत गोचीड दिसले नाहीत तर दाखला. दाखला नाही तर जनावर शहरात ठेवायचं नाही. नियम चुकीचा नव्हता. मी स्वतः नंतर वाचला, सावकाश, दोनदा. रोग खरा होता, गोचीडही खरे होते. तांबूच्या कानामागे, शेपटीखाली, आचळांजवळ, मिरीएवढे.

फवारणीच्या त्या संध्याकाळी आईने तीन वेळा डोकं धुतलं. हातांवर लाल चट्टे उठले होते. मी खोबरेल लावत होते. मी पाहिलं होतं हे मी तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, "औषध वाया घालवल्यानी गो. गोचीड गायीत थोडेच आसत? भिंतीत आसत."

मला कळलं नाही. रविवारी ती मला पडवीत घेऊन गेली. माझ्या केसातली पिन मागितली आणि भिंतीच्या भेगेत खुपसली. आतून गोचीड बाहेर आले. काही राखाडी, रक्त पिऊन टम्म फुगलेले, काही डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढे. आईने सांगितलं की मादी पोट भरलं की गाईवरून गळते, भेगेत शिरते आणि तिथे अंडी घालते. गाय कितीही धुवा, रात्री ती परत त्याच भिंतीला टेकून बसणार. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वीस वर्षं ती त्या भिंतीकडे बघत आली होती.

मग मी परिपत्रक शोधलं. मला जे येतं ते वाचणंच. ग्रंथालयाच्या संगणकावर छापून घेतलं आणि पेन्सिलने खुणा केल्या. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की जनावराबरोबरच गोठ्याची जमीन, गव्हाण आणि भिंतींच्या भेगा यांवरही फवारणी करावी, भेगा बुजवाव्यात आणि हे काम जागेच्या मालकाने करून घ्यावं. मला इतका आनंद झाला की मी जेवायच्या सुट्टीत जेवले नाही. वाटलं, कागद दाखवला की झालं.

सेक्रेटरी पेशाने सॉलिसिटर. गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते. मी उभीच होते. त्यांनी कागद घेतला, पेन्सिलच्या खुणा बघितल्या.

"वाचतेस वाटतं तू. कुठवर शिकलीस?"

"एम. ए."

"कशात?"

"मराठीत."

"अरे वा. म्हणजे कादंबऱ्या." ते हसले. आत बघून बायकोला म्हणाले, "ऐकलंस का, गाईवालीची मुलगी एम. ए. आहे हो!" मग माझ्याकडे वळून, "हे बघ बाळ, कायदा वाचणं वेगळं. आणि त्या भिंतीपलीकडे आमचं देवघर आहे. तिथे विष मारायचं?"

"सर, पण नियमात भिंत आहे."

"भिंत माझी आहे. गोचीड तुझ्या आईचे आहेत."

मी "हो सर" म्हटलं. खरंच म्हटलं. कागदाची घडी घालून जिना उतरले. खाली आई वाट बघत होती. "काय म्हणाले?" मी म्हटलं, बघतो म्हणाले. तिला बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यात तिने दोन आठवडे काढले. रोज सकाळी चिमट्याने एकेक गोचीड काढायची आणि रॉकेलच्या डब्यात टाकायची. एकदा मला म्हणाली, "तुझ्या शिक्षणाचा उपयोग झालो बघ."

फवारणीनंतरच्या तपासणीला मी रजा घेतली. पशुसंवर्धन खात्याचे साहेब आले होते, साधा, थकलेला माणूस. तांबूचा कान उलटा केला. गोचीड होते. आदल्या रात्रीचे, ताजे. मी त्यांना परिपत्रक दाखवलं, भिंतीकडे बोट केलं. त्यांनी वाचलं. त्यांना ते माहीत होतं, चेहऱ्यावरून कळलं. हळू आवाजात म्हणाले, "ताई, बरोबर आहे तुमचं. पण माझ्या फॉर्मात जनावराचे रकाने आहेत. भिंतीचा नाही. जागेच्या मालकाने लेखी हो म्हटलं तर मी भिंतीवर औषध मारून देतो."

सेक्रेटरी तिथेच उभे होते. मोबाईल बघत राहिले.

साहेबांनी लिहिलं: उपचार करूनही प्रादुर्भाव कायम. जनावराच्या मालकाचा हलगर्जीपणा.

चार दिवसांनी गाडी आली. गाडीत चढायला तांबूला फळी लावली होती, ती चढेना. माणसं मागून ढकलत होती. आई म्हणाली, "थांबा, मी चढवते." स्वतः आधी फळीवर चढली, गाईला नावाने हाक मारली. गाय तिच्या मागोमाग चढली. मग आईला खाली उतरवलं आणि मागचं दार लावलं.

"माझ्या गायीक खंय नेतास?"

"मुंबईच्या बाहेर, आजी. चांगल्या ठिकाणी."

ठिकाणाचं नाव कुणी सांगितलं नाही. मी नंतर तीन वेळा विचारलं. तीन वेगळी उत्तरं मिळाली. अजून मला माहीत नाही ती कुठे आहे, आहे की नाही.

दुसऱ्या दिवशी आई देवळाबाहेर जाऊन बसली. गवताच्या पेंढ्या घेऊन, गाईशिवाय. लोक तिला ओलांडून जात होते. एक बाई थांबली आणि म्हणाली, "मावशी, गाय कुठेय? मग पेंढी घेऊन आम्ही काय करू?" आई म्हणाली, "येईल." असं ती अकरा दिवस बसली. मी संध्याकाळी तिला आणायला जायचे तेव्हा पेंढ्या सुकलेल्या असायच्या. मी म्हणायचे, चल घरी. ती म्हणायची, तू कित्याक इलंस, दमली असशील.

मग ताप आला. परळच्या हॉस्पिटलात नऊ दिवस. न्यूमोनिया. फवारणीने गेली असं मी म्हणत नाही, मला ते सिद्ध करता येणार नाही आणि जे सिद्ध करता येत नाही ते मी लिहिणार नाही. शेवटी शेवटी ती बेडच्या कठड्याच्या फटींतून बोट फिरवायची, काहीतरी काढत असल्यासारखं. नर्सने हात बांधून ठेवले. मी सोडायला सांगितलं नाही. नर्सला काय वाटेल, असं वाटलं.

आईच्या बाराव्याला भटजींनी विचारलं, "गाय सांगू ना?" मी हो म्हटलं. आईने दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी आयुष्यभर गाय नेली, तिच्यासाठी गाय नको कसं म्हणू.

लालबागच्या आमच्या चाळीच्या चौकात एक तरुण बाई गाय घेऊन आली. काळी, पांढऱ्या कपाळाची गाय. मुलगा नसल्यामुळे शेपूट मी धरली. हात ओला होता. शेपटीखाली माझ्या बोटांना ते लागले. टणक, गोल. मी वाकून कानामागे बघायला गेले. त्या बाईने पटकन गाईच्या कानावर तळहात ठेवला.

"ताई, कुणाला सांगू नका. दाखला मिळायचाय अजून."

"गाय कुठे ठेवता?"

"ठाकूरद्वारला. वाडीच्या मागे पडवी आहे. वाडीवाल्यांनी जागा दिली, देवमाणसं आहेत. भाडंसुद्धा घेत नाहीत."

भटजी मंत्र म्हणत होते. मी शेपूट धरून उभी होते. पायांखालची फरशी मला दिसत होती, तिच्याशिवाय काही दिसत नव्हतं. आईला जाऊन बारा दिवस झाले होते आणि त्याच भिंतीला दुसरी गाय टेकली होती. उद्या या बाईच्याही अंगावर कुणीतरी नळी वळवेल. हिच्याही नावापुढे हलगर्जीपणा लिहिला जाईल. हिलाही गाडीच्या मागे उभं राहावं लागेल.

जेवणाच्या आधी सेक्रेटरी आले. पांढरा सदरा, हातात हार. फोटोला नमस्कार केला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी आई फार गुणी बाई. कधी उलटून बोलली नाही." मग खिशातून कागद काढला. "एक सही हवी होती. नुसती फॉर्मॅलिटी."

मी वाचला. मराठी टाईप केलेलं होतं. जागा पूर्वीपासून स्वच्छ आहे. गोचीडांचा प्रादुर्भाव माझ्या आईच्या जनावराबरोबर आला. जनावर तिने स्वखुशीने दिलं. खाली वारसाची सही.

"नवीन गाईसाठी खात्यात लागतोय," ते म्हणाले. "बिचारीला दाखला मिळेल. पुण्यच आहे."

"मी सही करणार नाही."

"अगं, तुझ्या आईला आता काय फरक पडतो?"

"सर, तुम्ही तिच्या अंगावर औषध मारायला लावलंत. मी समोरच्या फुटपाथवर होते."

त्यांनी भुवया उंचावल्या. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते. "कधी? मी? काहीतरी गैरसमज होतोय तुझा."

त्यांना आठवत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. चहा पिता पिता केलेली गोष्ट होती ती.

चौकातली माणसं आमच्याकडे वळली. माझा मामा म्हणाला, "गप रव गो, पाहुणे आसत." मी गप्प राहिले नाही. म्हटलं, भिंतीत गोचीड आहेत. आता चला, पिन घेऊन येते, सगळ्यांसमोर दाखवते. ते म्हणाले, "आज दिवस कुठला आणि तू काय बोलतेस!" हार टेबलावर ठेवून ते निघून गेले. कागद माझ्याकडे राहिला.

गाईवाली बाई माझ्यावर चिडली. "तुमची आई गेली, आता माझी जागा घालवा," म्हणाली. पैसे घेतले आणि गाय ओढत नेली. तिचं चुकलं नाही. मी तिच्या जागी असते तर सही मागत पाया पडले असते.

हा मजकूर मी त्याच कागदाच्या मागे लिहायला सुरुवात केली, मग जागा पुरली नाही. अर्ज वेगळा लिहिला आहे. त्यात भिंत आहे, परिपत्रकाचा मुद्दा आहे, आईचं पूर्ण नाव आहे आणि मी बघत उभी राहिले हेही आहे. एक प्रत खात्यात दिली, पोच घेतली. एक प्रत सेक्रेटरींच्या दारात, त्यांच्या हातात. ग्रंथालयात रजेच्या अर्जावर कारण लिहिलं: देवळाबाहेर बसणाऱ्या गाईच्या तपासणीसाठी. ग्रंथपालांनी वर बघितलं. मी नजर खाली घातली नाही.

काळ्या गाईची तपासणी येत्या बुधवारी आहे. मी सकाळी सातला पडवीत असेन. ती बाई शिव्या देईल, देऊ दे. आधी भिंत मारायची. भिंत मारल्याशिवाय त्या गाईला आणि त्या बाईला कुणी हात लावायचा नाही. लावायचा असेल तर मध्ये मी उभी आहे.