बापाच्या स्वेटरचं पांघरूण

तुर्कस्तानातल्या आयवालिक गावी, बंदरामागच्या गल्लीत नुरिये आणि तिची थोरली बहीण बेहिजे, दोघी बिनलग्नाच्या म्हाताऱ्या, एकाच घरात राहत. नुरियेचा सगळा जीव क्रोशाच्या सुईत आणि पामुक नावाच्या मांजरीत. मांजरीला खेळायला तिने लोकरीचे उंदीर विणले, चेंडू विणले. त्या थंडीत मात्र पामुकच्या पांघरुणासाठी तिने मेलेल्या बापाचा स्वेटर उसवला.

बेहिजेने ते पाहिलं आणि फाडकन बहिणीच्या मुस्काटात मारली. "बाबांची तेवढीच आठवण होती घरात. ती मांजरीच्या ढुंगणाखाली घालतेस?"

"हाच स्वेटर अंगात होता तेव्हा त्यांनी शेगडीच्या चिमट्याने माझं बोट मोडलं, ताई."

"पोसलंही त्यांनीच ना?"

"मीही मांजर पोसते. मारत नाही तिला."

बेहिजेने तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं आणि अर्धवट विणलेलं पांघरूण शेगडीत कोंबलं. नुरियेने हातातली सुई बहिणीच्या तळहातात खुपसली आणि धुमसती लोकर उघड्या हातांनी बाहेर ओढली. शेजारीण धावत आली तेव्हा दोघी रक्ताने माखल्या होत्या.

जखमा भरल्या, बोलणं मात्र कायमचं तुटलं. दोघींचा चहासुद्धा वेगळा उकळू लागला. भाजलेली बोटं पुन्हा वळायला लागली तशी नुरियेने जळकी कड कापून लाल लोकरीने पांघरूण पुरं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कोणावर तरी उलट हात उगारला होता, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.