डाग काढू नये

संजीवनी चहाचा कप डाव्या हाताने धरायची. ती डावखुरी नव्हती. कोड डाव्या हातावर होतं, म्हणून.

सकाळी बारामतीहून इंदापूरला जाताना एसटीत डावीकडे बसायची, संध्याकाळी परतताना उजवीकडे. पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नसे.

कुणी 'भाजलं का गं?' असं विचारलं, तर 'न्हाय, कोड हाय' म्हणायची आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे न्यायची.

दूध कुणाच्याही घरचं असो, आधी वास घ्यायची. आमच्या घरचंसुद्धा. माझी आई एकदा चिडली होती.

हसताना तोंडावर हात ठेवायची नाही. ओठाच्या डाव्या कोपऱ्यावरही शेंगदाण्याएवढं पांढरं होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला, कामावर निघण्याआधी, ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर डावा हात पसरून त्याचा फोटो काढायची. शेजारी शाळेतली सहा इंची पट्टी. एक महिना, एक फोटो. दुसरा कधी नाही.

आम्ही बारामतीच्या कॉलेजात एकत्र होतो. ती सायन्सला, मी मराठीला. पुढे ती इंदापूरजवळच्या दूध शीतकरण केंद्रात तपासनीस झाली. घर जळोचीत. शेत कन्हेरीला, तिथे वडील आणि भाऊ सुयोग ढोबळी मिरची, काकडी करायचे. वडिलांना सगळे तात्या म्हणत. तात्या घरात फार बोलत नसत. बोलायचं काम तिच्या आबासाहेबमामांकडे होतं. संजूचं स्थळ बघायचं कामही त्यांच्याकडेच.

ती सव्वीस वर्षांची असताना बायोडाटासाठी बारामतीच्या एका स्टुडिओत तिचा फोटो काढला. फोटो आला तेव्हा ओठाचा कोपरा, बोटं, सगळं एकसारखं गव्हाळ. न सांगता. फोटो पाहून एक स्थळ आलं. मुलाच्या आईने संजूचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि पोहे छान झालेत म्हणाली. संध्याकाळी फोन आला. तात्यांनी तो उभ्यानेच घेतला. नंतर दोन दिवस शेतातच जेवले.

त्यानंतर संजूने घरात एक अट घातली. यापुढे फोटो जाईल तो कोडासकट. बघायला येणाऱ्याने घरातून निघण्याआधी ते पाहिलेलं असावं. 'नको' म्हणायचं तर त्याच्या घरात म्हणावं. तिच्या घरच्या बैठकीत नाही. तिला एवढंच हवं होतं.

मोबाईलवर तिचा विश्वास नव्हता. तिचा मोबाईल न विचारता चेहरा गोरा करायचा. सुयोगचा तर ओठही रंगवायचा. "एकदा फोनवर घेतला की कुणीबी त्यात हात घालतं," ती म्हणाली. "रोलच्या फोटोची निगेटिव्ह राहते. कुणी भांडलंच तर दाखवता येती."

इंदापुरात श्रीपादकाकांचा फोटो स्टुडिओ होता. बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. काका वरच्या मजल्यावर राहायचे. आम्ही दोघी गेलो तेव्हा त्यांनी एक ड्रॉवर ओढून बाहेर काढला आणि पलंगावर उपडा केला. दहा-बारा छोटे कॅमेरे. खिशात मावतील असे, नुसतं बटण दाबायचे.

"मोबाईल हरवला का?" काकांनी विचारलं.

"न्हाय. मोबाईल खोटं बोलतोय."

काका हसले. "बाई गं, हेही बोलतात. पण यांना पकडता येतं."

निवडायचा कसा, ते त्यांनी दाखवलं. आधी सेलची जागा उघडायची. हिरवं साचलं असेल तर ठेवून द्यायचा. मग मागचं दार उघडून, रोल न घालता, खिडकीकडे धरून बटण दाबायचं. क्षणभर उजेडाचं टिकलीएवढं भोक दिसलं पाहिजे. दाराच्या कडेचा काळा फोम बोटाला चिकटला, तर उजेड आत शिरणार. संजूने एकेक उचलला. दुधाचे नमुने तपासावेत तसे दोन ढीग केले.

तिला झूमवाला आवडला होता. काकांनी तो काढून घेतला. "हा लांब जातो तेवढा आंधळा होतो. घरात सगळे फोटो हललेले येतील. हा घे. भिंग हलत नाही, पण उजेड पितो. सेल साधे, भिंतीवरच्या घड्याळात घालतात तेच. किराणा दुकानात मिळतील."

तो काळा, ओबडधोबड होता. कोपरा घासलेला.

"दोन गोष्टी," काका म्हणाले. "दोन फुटांच्या आत धरू नकोस, दिसत नाही त्याला. आणि फ्लॅश बंद कर. फ्लॅशने तुझं कोड आणि तुझा चेहरा दोन्ही एकच होतील."

तिच्यासमोर तो शब्द इतका सरळ उच्चारणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. संजूने तिथेच काकांकडून दोरा मागून घेतला, दोन फूट मोजला आणि कॅमेऱ्याला बांधला. दोऱ्याचं टोक टेकलं की बटण दाबायचं.

पहिला रोल आम्ही एका दिवसात संपवला. कन्हेरीच्या शेतात, पॅकिंगच्या शेडमध्ये. पांढऱ्या जाळीतून मऊ उजेड येत होता. ती क्रेटवर बसली. बटण मी दाबत होते. पहिले पाच-सहा वाया गेले असणार, कारण मी तिला एका बाजूला घेत होते आणि कॅमेरा मधल्या काकड्यांवर नेम धरत होता. तिनेच सांगितलं, "आधी माझ्यावर धर, बटण अर्धं दाब, मग सरक." डावा हात मांडीवर, दिसेल असा ठेवलेला. ओठ उघडे.

रोल पुण्याच्या लॅबला कुरिअर केला. पत्ता, ईमेल माझा, कारण तिच्या घरी कोण काय उघडेल याचा नेम नव्हता. आठ दिवसांनी फोटो आले.

छत्तीसमधला एक फार सुंदर होता. त्यात कोड नव्हतं.

मी लॅबला फोन केला. तिकडचा मुलगा खूश होता. "मॅडम, तो एक क्लोजअप चांगला होता ना, त्याच्यावरचे डाग काढलेत आपण. त्याचा चार्ज नाही लावला."

संजू हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "पाकिटावर लिहायचं राहिलं." लॅबने निगेटिव्ह पुन्हा स्कॅन केली. या वेळी होतं तसं आलं. माझ्याकडे आता दोन फोटो होते. तेच डोळे, तीच मान, मागे तेच क्रेट. तिने पहिला तिच्या मोबाईलमधून पुसला.

"तूबी पूस."

"पुसते," मी म्हणाले.

पुसला नाही.

एक मार्चला तिने दुसरा रोल घातला. छत्तीस फोटो, छत्तीस महिने. "डॉक्टर म्हणतात पसरंल, मामी म्हणते लेप लावून थांबंल. तीन वर्षं मोजते, मग कोण खोटं ते बघू." त्या रोलचं पाकीट तिने तेव्हाच तयार केलं. लॅबचा पत्ता घातला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: डाग काढू नये.

नोव्हेंबरात आबासाहेबमामांचा मला फोन आला. "आसावरी, संजीचा तो रोलवाला फोटो तुझ्याकडं हाय न्हवं? चांगला पाठव बरं."

मी दोन्ही पाठवले. विचार केला, घरचे ठरवतील. खरं सांगायचं तर विचार केला नाही. तो फोटो कुणीतरी पाहावा असं मला वाटत होतं.

डिसेंबरात इंदापूरहून अविराज नावाचा मुलगा आणि त्याच्या घरचे बघायला आले. संजूला मामांनी सांगितलं होतं, फोटो बघूनच येतायत. मी मदतीला गेले होते. तिने पावडरसुद्धा लावली नव्हती. कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज. ट्रे घेऊन बाहेर जाताना मला म्हणाली, "आज पहिल्यांदा भीती न्हाय वाटत बघ."

तिने मुलाच्या आईला कप दिला. डाव्या हाताने.

"पोरी, भाजलंय का हे?"

"न्हाय, कोड हाय," संजू हसून म्हणाली. "फोटोत दिसतंय की."

बाईंनी कप खाली ठेवला. पर्समधून चष्मा काढला, मग मोबाईल. दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ पाहिला. मग मोबाईल संजूच्या हातात दिला.

संजूने पाहिलं. तिने मामांकडे पाहिलं नाही. तात्यांकडेही नाही. दाराशी मी उभी होते, माझ्याकडे पाहिलं.

मामा बोलू लागले. "अवो, एकदा पोरगी समोर बसली, बोलली, की मानसं इचार बदलत्यात, म्हणून आमी..."

"पसरतं का?" मध्येच अविराजने विचारलं. तो वाईट मुलगा वाटला नाही. नजर मात्र सतरंजीवर.

"मोजतीय," संजू म्हणाली. "अजून सव्वादोन वर्षं लागतील."

पोह्यांना कुणी हात लावला नाही. ओसरीवर चपला घालताना अविराजच्या आई थांबल्या. आवाज चढवला नाही.

"माझ्या नणंदेला हाय हे. तिची दोन लेकरं शिकून नोकरीला लागली. खरा फोटो धाडला असता तरी आलो असतो आमी. पण फसवनाऱ्या घरात सोयरीक न्हाय करायची."

त्या खरंच आल्या असत्या का, मला माहीत नाही. रोज विचार करते. आल्या असत्या असं वाटतं तो दिवस जास्त वाईट जातो.

गाडी गेल्यावर तात्या शेताकडे निघून गेले. मामा सुयोगला दबक्या आवाजात सांगत होते, आता तुझं लगीनबी अडकतंय बघ. संजू स्वयंपाकघरात पोहे परत पातेल्यात काढत होती.

"पुसला नव्हतास."

"मला चांगला वाटला होता गं तो फोटो."

"मलाबी वाटला होता," ती म्हणाली. "म्हणून तर पूस म्हणाले."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. फोन उचलायची, दोन-तीन वाक्यं बोलायची, ठेवायची. एसटीत एकदा भेटली. डावीकडची जागा मला देऊन स्वतः उन्हात बसली.

मेच्या शेवटी तिचं लग्न झालं. मला सुयोगच्या स्टेटसवरून कळलं. नवरा सुप्याचा, मोहनराव नावाचा. वय त्रेचाळीस. पहिली बायको वारलेली, दोन मुली. स्टेटसवरच्या फोटोंत संजूचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरले होते. ओठाचा कोपरा फोटोवाल्याने गव्हाळ केला होता.

आठवड्याने मी जळोचीला गेले. तिच्या आई लसूण सोलत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मीच विचारलं, मोहनरावांना फोटो कुठला दाखवला.

"मागितलाच न्हाय त्येंनी," आई म्हणाल्या. "म्हणले, फोटोची काय गरज न्हाय, पोरींना सांभाळणारी पायजे. संजी म्हणली, हेच करा."

मग त्या उठल्या आणि कपाटातून कॅमेरा आणला. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. "तुला द्यायला सांगून गेली. तिकडं नको म्हणली."

"आणखी काही म्हणाली?"

"न्हाय."

टॉवेलात पाकीटही होतं. लॅबचा पत्ता, आणि खाली तिचं अक्षर.

कॅमेरा माझ्या टेबलावर आहे. दोरा अजून बांधलेला आहे. रोल गुंडाळून काढायचं बारीक बटण तळाशी आहे, टोकदार काहीतरी टोचलं की पुरे. मी टोचलेलं नाही. मागच्या छोट्या खिडकीत आकडा पंधरा दिसतो. सोळावा फोटो एक जूनला काढायचा होता. आज ऑगस्टची नऊ तारीख.